काचांच्या मध्ये धुकं, कडेला पाणी

(घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : आमच्या जिन्यावर चार बाय चार फुटांचं डबल काचेचं स्कायलाइट आहे. बसवून तिसरं वर्ष सुरू आहे. यंदा वळवाचे दोन-तीन पाऊस झाले आणि सकाळी काच धुरकट दिसायला लागली. दुपारी धुकं जायचं. सप्टेंबरपासून मात्र खालच्या कोपऱ्यात थेंब जमतात, आतून-बाहेरून कितीही पुसलं तरी जात नाहीत. एक काचवाला म्हणतो, कडेनं सिलिकॉन मारून देतो. दुसरा म्हणतो, बारीक भोक पाडून आतलं वाळवून देतो. कोणाचं ऐकावं? – विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : दोघांचंही नको. कडेनं सिलिकॉन मारून ओल आतच कोंडली जाईल, आणि भोक पाडायला गेलं तर काचेचा चुरा होईल.

पुसून जात नाही म्हणजे पाणी दोन काचांच्या मध्येच आहे, हे तुम्ही तपासलंच आहे. ते आत कसं गेलं, ते आधी पाहू. डबल काचेच्या चारही कडांना आतून ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, तिला स्पेसर म्हणतात. पट्टीच्या पोकळीत ओल शोषणारे दाणे (मॉलिक्युलर सिव्ह) भरलेले असतात. पट्टी आणि काच यांच्यामध्ये काळ्या ब्युटाइलची रेघ असते, वाफ अडवण्याचं खरं काम तीच करते. तिच्या बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा दुसरा थर असतो, तो दोन्ही काचा धरून ठेवतो.

मे महिन्यात गच्चीवरच्या काचेमधली हवा ६०-६५ अंशांपर्यंत सहज तापते. त्यावर संध्याकाळी वळीव कोसळला की काही मिनिटांत ती २५ अंशांवर येते. तुमच्या युनिटच्या (म्हणजे कडेनं बंद केलेल्या या काचांच्या जोडीच्या) पोटात साधारण १७ लिटर हवा आहे. एवढ्या फरकानं तिचं आकारमान १२ टक्के, म्हणजे दोन लिटर कमी होऊ पाहतं. कड शाबूत असेल तर काचा थोड्या आत वाकतात आणि ताण झेलतात. कडेला बारीक फट असेल तर तेवढी हवा बाहेरून ओढली जाते, तीही पावसानं ओथंबलेली. २५ अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरला २३ ग्रॅम पाणी असतं, म्हणजे एका खेपेला पाच शतांश ग्रॅमही आत जात नाही. पण शंभर ग्रॅम दाणे जेमतेम वीस ग्रॅम पाणी धरतात. रोज तापणं-निवणं चालू राहिलं की एक-दोन वर्षांत दाणे भरतात, आणि मगच धुकं दिसायला लागतं. तुमची कड त्यामुळे यंदा नव्हे, बहुधा पहिल्याच पावसाळ्यात उघडली असावी.

कडेला पाणी साचत असेल तर हवेऐवजी पाणीच ओढलं जातं. कोपऱ्यात थेंब जमण्याइतकी ओल सहसा अशीच येते. म्हणून नवी काच मागवायच्या आधी गच्चीवर जाऊन चौकट नीट पाहा.

पहिला पाहायचा तो ढाळ. लेव्हल पाइप लावून मापा. फुटाला किमान एक इंच हवा, म्हणजे तुमच्या स्कायलाइटला वरच्या आणि खालच्या कडेत चार इंचांचा फरक. मग खालची दाबपट्टी पाहा. बऱ्याच चौकटींत ती काचेच्या वर चार-पाच मिमी उठलेली असते आणि पाण्याला बांध घातल्यासारखी अडवते. पाऊस थांबल्यावर तासाभरानं तिथे पाण्याची रेघ किंवा गाळाचा तपकिरी पट्टा दिसला तर बिघाडाचं मूळ तिथेच आहे. त्यानंतर चौकटीच्या खालच्या बाजूला पाणी निघायची भोकं आहेत का, ते शोधा. ती ८ मिमीची, निदान दोन-तीन हवीत. अनेकदा ती असतात, पण बसवणाऱ्यानं "गळायला नको" म्हणून सिलिकॉननं बुजवलेली असतात. चौकटीत थोडंफार पाणी शिरणारच, ते बाहेर पडायला वाट हवी. ती बुजवली की युनिटची कड महिनोन्‌महिने पाण्यात बुडून राहते, आणि बुडलेली कोणतीच कड टिकत नाही.

सिलिकॉनचा प्रकारही विचारून घ्या. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला असेल तर ते ॲसिटिक जातीचं होतं. स्वस्त असतं, मासळीच्या टाक्यांना चालतं. पण युनिटच्या दुसऱ्या थराला आणि लॅमिनेटेड काचेच्या (प्लास्टिकच्या पडद्यानं एकमेकींना चिकटवलेल्या दोन काचा) मधल्या पडद्याला ते सोसत नाही. इथे न्यूट्रल क्युअरच (आंबट वास न येणारं) हवं. शेवटची गोष्ट, कडेवर थेट ऊन पडतं का? पॉलिसल्फाइड उन्हानं कडक होतं आणि काचेपासून सुटतं. उभ्या खिडकीत कड चौकटीत लपलेली असते म्हणून ते चालून जातं, गच्चीवरच्या उघड्या कडेला नाही.

आता त्या दोन सल्ल्यांकडे वळू. बाहेरून सिलिकॉनचा नवा थर दिल्यानं भरलेले दाणे रिकामे होत नाहीत. शिवाय सिलिकॉन पाणी अडवतं, वाफ मात्र बऱ्यापैकी जाऊ देतं. वाफ अडवणारी ब्युटाइलची रेघ तुटलेली असेल तर बाहेरचा थर तिची जागा घेऊ शकत नाही. भोकाचं म्हणाल तर वरची काच टफन (भट्टीत तापवून कणखर केलेली) असणार, कोपऱ्यातला शिक्का पाहा. टफन काचेला भट्टीनंतर भोक पाडता येत नाही, ड्रिल लागताच ती फुटते. खालची लॅमिनेटेड असेल तर भोकातून ओल मधल्या पडद्यात शिरून कड पांढरी पडते. समजा कोणी स्पेसरला कडेनं भोक पाडून आतली हवा बदलली, तर फेब्रुवारी ते मे काच स्वच्छ दिसेलही, पण जूनमध्ये धुकं परत येईल. आणि काच जास्त काळ ओली राहिली असेल तर तिच्यातले क्षार बाहेर येऊन पृष्ठभागच दुधाळ होतो, तो डाग वाळवून जात नाही. युनिट बदलणं हाच उपाय. मात्र चौकट पूर्ण बदलायची गरज सहसा नसते.

नवं युनिट सांगताना तोंडी "डबल काच" म्हणून सोडू नका, कागदावर लिहून द्या : वर ६ मिमी टफन, मध्ये १२ मिमी पोकळी, खाली ५ + १.५२ पीव्हीबी (मधला पडदा) + ५ लॅमिनेटेड. एकूण जाडी २९.५ मिमी होते, तुमच्या चौकटीची खाच तेवढी खोल आहे का ते आधी मोजा. खालची काच लॅमिनेटेडच हवी, यात तडजोड नको. टफन काच फुटली की तिचे तुकडे पडतात आणि खाली जिना आहे. लॅमिनेटेड काच फुटली तरी पडद्याला चिकटून राहते. काचेवर आयएस २५५३ ची (सुरक्षा-काचेच्या भारतीय मानकाची) खूण मागा. दुसरा थर सिलिकॉनचा हवा आणि जोड उन्हापासून झाकायला कडेवर काळा भाजलेला पट्टा हवा. दाणे ३ए मॉलिक्युलर सिव्हचे, सिलिका जेल नको. सिलिका जेल तापलं की धरलेली ओल सोडून देतं. म्हणजे दुपारी सुटलेली वाफ रात्री काचेवर जमणार. कोटिंगची (ऊन-उष्णता परतवणाऱ्या पातळ थराची) काच घेणार असाल तर कडेचं कोटिंग घासून काढलेलं आहे ना, हे विचारा. नाहीतर ब्युटाइल काचेला न चिकटता कोटिंगला चिकटतं आणि कोटिंग कडेपासून गंजत येतं.

युनिट कुठे बांधलं जातं, यानंही थोडा फरक पडतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे पाच टक्के कमी. मुंबईच्या बाजूला, समुद्राच्या उंचीवर बंद केलेलं युनिट इथे आल्यावर कायम थोडं फुगलेलं राहतं आणि मेच्या उष्णतेत त्यावर आणखी ताण येतो. पुणे किंवा हैदराबादच्या उंचीवर बांधलेलं असेल तर हा प्रश्न राहत नाही. एवढ्यावरून युनिट बिघडत नाही, पण निवड हाती असेल तर दुसरं घ्यावं.

माल आला की उतरवण्याआधी कड पाहा. ब्युटाइलची काळी रेघ चारही बाजूंनी अखंड, निदान तीन मिमी रुंद हवी. कोपऱ्यांवर बोट ठेवून निरखा, कारण स्पेसर जोडलेला असतो तो कोपऱ्यात, आणि तुटतो तोही तिथेच. रेघेत केसाएवढी फट दिसली तरी युनिट परत पाठवा.

मापाला घाई करू नका. खाचेचं माप तीन ठिकाणी घ्या, सगळ्यांत लहान माप धरा, चारही बाजूंना ५-६ मिमी मोकळी जागा सोडा. टफन झालेली काच नंतर एक मिलिमीटरही कमी करता येत नाही. वजन साधारण ६० किलो भरेल. चार माणसं, दोन व्हॅक्यूम कप आणि जिन्यात परांची लागेल. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी करा.

जुनं युनिट काढल्यावर खाच पत्र्याच्या पट्टीनं खरवडून स्पिरिटनं पुसा. भोकं मोकळी करा, नसतील तर पाडा. खालच्या कडेला रबराचे दोन ठोकळे ठेवा, १०० मिमी लांब, दोन्ही कोपऱ्यांपासून पाव अंतरावर, आणि युनिटच्या पूर्ण जाडीइतके रुंद. ठोकळा अरुंद असेल तर एकच काच टेकते, दुसरी लोंबकळते आणि कडेचा जोड फाटत जातो. ठोकळ्यांनी पाण्याची वाट अडता कामा नये. युनिट ठेवून सांध्यात बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) दाबा, वरून न्यूट्रल सिलिकॉन भरा : सांधा १० मिमी रुंद असेल तर सिलिकॉन ५-६ मिमी खोल. खालच्या बाजूला उठलेली दाबपट्टी परत लावू नका, सिलिकॉन काचेच्या पातळीत घासून सपाट करा. फॅब्रिकेटर जाणता असेल तर वरची काच खालच्या बाजूला ४०-५० मिमी पुढे काढलेलं स्टेप युनिट घ्या. पाणी मग सांध्यावर न थांबता बाहेरच गळतं. सोलापूरच्या गच्च्यांसाठी आमची पहिली पसंती यालाच आहे.

सिलिकॉन दिवसाला दोन-तीन मिमीच पक्कं होतं. तीन दिवस पाणी लागू देऊ नका. मग पाइपानं आधी खालची कड, मग बाजू, शेवटी वरची कड, प्रत्येकी दहा मिनिटं भिजवा. खाली चौकटीला वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावून ठेवा, गळती कुठून आहे ते लगेच कळतं. याच वेळी भोकांतून पाणी बाहेर येतंय का तेही पाहा. खाचेत शिरलेलं पाणी बाहेर पडताना दिसलं तर चौकट नीट काम करते आहे.

प्रश्न : आमच्याकडेही हेच झालंय. पुरवठादार म्हणतो, हमी काचेची आहे, धुक्याची नाही. काय करता येईल? – होटगी रोड, सोलापूर

उत्तर : हमीपत्र पूर्ण वाचा. बऱ्याच हमीपत्रांत कडेच्या जोडाची हमी असते, पण ती उभ्या खिडकीपुरती. आडव्या किंवा तिरक्या काचेचा उल्लेख नसेल तर बिलावर "स्कायलाइटसाठी" असं लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर वापर माहीत असूनच माल दिला, हे दाखवता येतं. सकाळी धुकं असतानाचे तारखेसह फोटो काढा आणि तक्रार लेखी द्या. युनिट काढाल तेव्हा चौकट साफ करण्याआधी भोकांचे आणि कडेचे फोटो घ्या. काच बनवणारा आणि बसवणारा एकमेकांकडे बोट दाखवतात, तेव्हा हेच फोटो उपयोगी पडतात. ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, नंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, तेव्हा "पुढच्या पावसाळ्यापर्यंत बघू" म्हणत थांबू नका.

प्रश्न : डक्टवर १० मिमीचं पोकळ पॉलिकार्बोनेट शीट टाकलंय, दहा फूट लांब. नळ्यांमध्ये पाणी भरलंय, हिरवं शेवाळ धरलंय, आणि उन्हाळ्यात शीट कडकड वाजतं. – जुळे सोलापूर

उत्तर : पॉलिकार्बोनेटमधून पाण्याची वाफ थोडी आरपार जातेच, त्यामुळे पहाटे नळ्यांत हलकं धुकं दिसणं स्वाभाविक आहे. पाणी भरणं मात्र बसवण्यातली चूक. नळ्या उताराच्या दिशेनं हव्यात, आडव्या असतील तर पाणी कुठेच जाणार नाही. वरचं तोंड ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीनं पूर्ण बंद करायचं. खालच्या तोंडाला हवा जाऊ देणारी, भोकांची फिल्टर पट्टी लावायची, त्यावर यू-पट्टी, आणि यू-पट्टीला दर फुटाला ६ मिमीचं भोक. आपल्याकडे सर्रास दोन्ही तोंडं तपकिरी पॅकिंग टेपनं बंद करतात. ती एका उन्हाळ्यात वाळून सुटते, मग वरून पाणी आणि धूळ आत जाते आणि शेवाळाला ऊन-पाणी दोन्ही मिळतं.

शीट वाजतं ते वाढायला जागा नसल्यामुळे. पॉलिकार्बोनेट मीटरमागे दर अंशाला ०.०६५ मिमी वाढतं. थंडीतल्या पहाटेचे १५ अंश आणि मेमधल्या दुपारचं ६५ अंश तापलेलं शीट, हा ५० अंशांचा फरक धरला तर तीन मीटरचं शीट जवळजवळ १० मिमी लांब होतं. स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा ३-४ मिमी मोठं पाडा, खाली ईपीडीएम रबराचा वॉशर द्या, आणि स्क्रू वॉशर टेकेपर्यंतच आवळा. शेवटाला मीटरमागे ३ मिमी मोकळं सोडा.

शीट अजून पिवळं पडलेलं नसेल तर वाचतं. खाली उतरवा, नळ्यांतून साबणाचं सौम्य पाणी सोडा, मग साधं पाणी, आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं एकेक नळी फुंकून काढा. सावलीत उभं करून दोन दिवस पूर्ण वाळवा, मगच पट्ट्या लावा. थिनर, पेट्रोल किंवा ॲसिड लावू नका, बारीक तडे जातात. परत बसवताना अतिनील किरणांपासून संरक्षण असलेली बाजू वर हवी. फिल्मवर छापलेलं असतं, फिल्म काढण्याआधी पेनानं खूण करून ठेवायला हवी. बाजू उलटी लागली की शीट दोन-तीन उन्हाळ्यांत पिवळं आणि ठिसूळ होतं. तुमचं तसं झालं असेल तर साफसफाईवर खर्च करू नका, नवं घ्या.

प्रश्न : झोपायच्या खोलीत एसी चालू असला की पावसाळ्यात सकाळी स्कायलाइट बाहेरून ओलं होतं. काच खराब झालीय का? – सात रस्ता, सोलापूर

उत्तर : नाही. जुलै-ऑगस्टमधली बाहेरची हवा दमट असते आणि आतून काच गार झालेली असते, त्यामुळे बाहेरच्या बाजूला दव धरतं. एसी २५-२६ वर ठेवा, बरंचसं कमी होईल. फक्त ते पाणी खालच्या कडेला साचत नाही ना, एवढं बघा.

प्रश्न : जुना माळवदाचा (लाकूड-मातीच्या छताचा) वाडा आहे. स्वयंपाकघराच्या सवण्यावर (छतातल्या झरोक्यावर) वडिलांनी एकेरी काच ठेवून कडेनं सिमेंट लावलं. थंडीत सकाळी चुलीवर-गॅसवर पाणी तापलं की काचेतून थेंब टपकतात. डबल काच बसवावी का? – शुक्रवार पेठ, सोलापूर

उत्तर : डबल काचेनं थेंब कमी होतील, पण वाफ खोलीतच राहील आणि मग ती लाकडात मुरेल. माळवदाला त्याचा जास्त धोका आहे. सवणं उजेडाइतकंच धूर आणि वाफ जाण्यासाठी ठेवलेलं असायचं, सिमेंटनं ती वाट बंद झाली. मोकळ्या आकाशाखाली काच रात्री आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते, आणि खालची वाफ सरळ तिच्यावर जाऊन जमते.

वाट पुन्हा उघडा. सवण्याभोवती सागवानी चौकट बसवा, मातीच्या थरापासून निदान १५० मिमी वर. वजन तुळयांवर किंवा लाकडी कड्यांवर यायला हवं, पांढऱ्या मातीवर नाही. माती पावसात बसते आणि काच एका कोपऱ्यावर टेकून तडकते. चौकटीवर ५० मिमी उंचीचे पाय लावून त्यावर लॅमिनेटेड काच ठेवा, चारही बाजूंना १०० मिमी बाहेर आलेली, आणि एका बाजूला उतार. पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या दोन बाजू पट्टीनं बंद करा. पूर्व आणि उत्तर बाजू उघड्या ठेवून जाळी मारा. उरलेले थेंब टपकू नयेत म्हणून काचेच्या खालच्या कडेला आतून २५ मिमीची ॲल्युमिनियमची पन्हळ द्या, तिचं तोंड बाहेर काढा.

प्रश्न : उन्हाळ्यात स्कायलाइटखाली उभं राहवत नाही. गच्चीला चुना देतो तसा काचेवरही द्यावा का? – अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : काचेवर चुना नको. तो अल्कधर्मी असतो, ओला झाला की काच खातो आणि पांढरे ओघळ कायमचे राहतात. गच्चीला चुना देतानाही काच प्लास्टिकनं झाका, पडलेले शिंतोडे वाळण्याआधी भरपूर पाण्यानं धुवा. सोलापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळे आडव्या काचेवर ऊन सरळ उतरतं. आतला पडदा उपयोगाचा नाही, कारण तोवर उष्णता आत आलेली असते, आणि काच-पडद्यामधली हवा कोंडून काच जास्तच तापते.

शेडनेट बाहेरून लावा, काचेच्या वर एक फूट अंतर सोडून, म्हणजे मधून वारा खेळेल. नेट काचेच्या चारही बाजूंना पुढे आलेलं हवं. अर्धी काच उन्हात आणि अर्धी सावलीत राहिली तर साधी, टफन न केलेली काच तापमानातल्या फरकानं कडेपासून तडकू शकते. नेट मार्चमध्ये बांधा आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी काढा, कारण भिजलेल्या नेटमधली धूळ आणि पानं गळून खालच्या कडेच्या भोकांत जाऊन बसतात. काढताना भोकांत तार फिरवून ती मोकळी आहेत का, तेही पाहून घ्या.